शेवट न ऐकलेली माणसं

अगं, हातातलं काम राहू दे, आधी ऐक! आज दुपारी घडलंय आणि अजून संपलेलं नाही. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, वॉर्डच्या दाराशी उभी राहून फोन करतेय.

आमची टकळी माहितीये ना तुला? माझी मावसबहीण. तोंडाला कुलूप नाही म्हणून घरात सगळे तिला टकळीच म्हणतात. तर मावशीला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा तिच्याशी, त्यानेच ती परत येईल." आता टकळीला हे सांगायला हवं? पण गंमत बघ, आईच्या उशाशी बसली की हिच्या तोंडून शब्द फुटेना. नुसता हुंदका. शेवटी वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "समोर बसून जमत नाही ना? मग भिंतीआडून बोल."

म्हणजे काय, तर तिथे वाचन चालतं. वॉर्डच्या टोकाला काचेची खोली, आत माइक. जेवणं उरकली, पडदे ओढले की कुणीतरी आत बसून पुस्तक वाचतं आणि प्रत्येक पलंगाच्या उशाशी ते ऐकू येतं. प्रकरण संपलं की मतं घ्यायची. पेशंटने बटण दाबलं की खोलीतल्या पॅनेलवर त्याचा दिवा लागतो, वाचणाऱ्याने त्या दिव्याखालचा खटका वर केला की पेशंट बोलतो आणि सगळा वॉर्ड ऐकतो.

नियम एकच. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शेवटचं प्रकरण वाचायचं नाही. त्याच्या आधी थांबायचं आणि नवीन पुस्तक धरायचं. माझ्या आधीपासून असंच चालत आलंय. शेवट राहिला की माणसाला उद्याची ओढ राहते, आणि ओढीवर माणूस तग धरतो." टकळीला पटलं. कुणालाही पटेल गं.

तिने मुद्दाम हलकंफुलकं पुस्तक निवडलं. जुन्या काळातली प्रेमकथा. टोप्या शिवणारी एक पोरगी, लग्न कर म्हणून तिचं डोकं खाणारी आत्या आणि जहाज दुरुस्तीला लागलं म्हणून बंदरावर अडकलेला कप्तान. आत्याचं तोंड बंद करायला दोघं साखरपुडा झाल्याचं नाटक करतात. अंगठी कुठून आणणार? तर पडद्याची पितळी कडी!

आणि काय मतं पडायला लागली! कमरेचं हाड मोडलेले गवंडीकाका म्हणायचे, "हा कप्तान बोलतो फार. माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता." शेजारच्या पलंगावरच्या मास्तरीणबाई लगेच दिवा लावायच्या. "त्या काळात तरुण मुलगी परक्या पुरुषाबरोबर बग्गीत बसेल? लेखिकेने जरा अभ्यास करावा."

"बसू द्या की बिचारीला. तुमचं काय जातंय?"

"तुम्ही तुमच्या विटा सांभाळा!"

सगळा वॉर्ड हसायचा. टकळीही हसायची, पण डोळा कोपऱ्यातल्या दिव्यावर. मावशीच्या पलंगाचा दिवा. बटण तिच्या डाव्या हातात ठेवलेलं असायचं, पण तो दिवा कधी लागलाच नाही. वाचन सुरू झालं की मावशी डोळे मिटायची, श्वास एकदम मंद व्हायचा. संपलं की उघडायची. सिस्टर म्हणायच्या, "गोष्ट सुरू झाली की ही बाई कुठे जाते कोण जाणे."

आज शेवटून दुसरं प्रकरण होतं. भरल्या मेजवानीत कप्तान साखरपुडा मोडल्याचं सांगणार, तेवढ्यात पोरीच्या बोटातून कडी निसटते आणि फरशीवर घरंगळत जाते. सगळी मंडळी त्या कडीकडे बघतायत... आणि प्रकरण संपलं. गवंडीकाका ओरडले, मास्तरीणबाईंनी डोळे पुसले, सगळ्यांची मतं झाली. टकळी माइक बंद करणार, तोच पॅनेलवरच्या वरच्या ओळीत एक दिवा लागला.

वरची ओळ वरच्या मजल्याची. तो मजला बंद होऊन जमाना झालाय, भिंतींचा चुना झडून फरशीभर पडलाय म्हणतात. जिन्याला कुलूप आहे, आणि वायरी तर कापलेल्याच आहेत. पॅनेलमागे त्यांची टोकं लोंबताना दिसतात. दिवा आधी फिका होता, मग उजळला, कुणी फुंकर घालून निखारा फुलवावा तसा. टकळीने खटका वर केला.

आधी काहीच नाही. मग लांबलचक खोलीतून वारा फिरावा तसा आवाज... तो वारा नव्हता गं, श्वास होते. खूप जणांचे. आणि पॅनेलच्या भोकांमधून वास आला, ओल्या चुन्याचा आणि उन्हात वाळवलेल्या चादरींचा.

"आमचं मत... घेता का?" एक म्हातारा आवाज. दारात उभं राहून आत येऊ का विचारावं, इतका अदबीने.

"कोण... कोण बोलतंय?"

"वरून. आम्ही रोज ऐकतो. तुमच्या आधीच्या बाईंचंही ऐकायचो. त्यांच्या आधीच्या बाईंचंही..."

आणि ती अख्खी ओळ पेटली. एकेक करून नाही, सगळी एकदम. टकळी मला म्हणाली, "भीती वाटायला हवी होती गं. पण मला वाटलं, आपण बसून काय राहिलोय, उभं राहायला हवं." आणि ती खरंच उभी राहिली.

"कडीचा आवाज छान काढलात," कुणीतरी म्हणालं.

"कप्तान मनाने खरा आहे. नाटक करणारा माणूस कडी इतकी जपून बोटात घालत नाही."

"ती हो म्हणेल."

"म्हणेल कसली! मानी आहे पोरगी."

अगदी खालच्या वॉर्डासारखे भांडत होते. मग तो म्हातारा आवाज म्हणाला, "पण कळणार कसं? आमच्यातल्या कुणीच कधी शेवट ऐकलेला नाही. उद्या ऐकू, उद्या ऐकू... त्या ओढीने निघताच येत नाही बघा."

टकळीने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. ओढ लावून ठेवली होती, चांगल्या मनाने... आणि गेलेली माणसंसुद्धा अजून थांबलीत?

तेवढ्यात त्या आवाजांच्या मागून कुणीतरी हसलं. खळखळून, आणि शेवटी एक बारीक उचकी. तसं हसणारं माणूस जगात एकच आहे.

"आई?"

"ह्या नवीन आहेत," म्हातारा म्हणाला. "गोष्टीपुरत्या येतात, संपली की खाली जातात. पण बाळ... रोज थोड्या जास्त थांबतात."

आणि मावशीचा आवाज आला. स्वच्छ, पूर्वीसारखा. "टकळे, किती धावतेस गं वाचताना! स्वल्पविराम गिळतेस सगळे."

"आई, खाली ये ना..."

"येते की. पण त्या पोरीचं काय झालं ते कळल्याशिवाय कशी येऊ? खोटंखोटं म्हणून बोट पुढे केलं, आणि आता कडी नाही तर बोट ओकं वाटतंय तिला. वाच."

टकळीने म्हाताऱ्याला विचारलं, "शेवट वाचला तर आई खाली येईल? की तुमच्याबरोबर...?"

"आम्हाला काय ठाऊक, बाळ. आम्ही वाट बघणारी माणसं."

"आणि नाहीच वाचला तर?"



तिने शेवटचं प्रकरण उघडलं. प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत वाचायला लागली. नियम मोडला म्हणून सिस्टर धावत आल्या, काचेतून ती पेटलेली ओळ पाहिली आणि तोंडावर हात ठेवून तिथेच थबकल्या. टकळी वाचत शेवटच्या पानापर्यंत आली... आणि थांबली. पुढचं वाचलं की आई येणार की जाणार, कुणाला ठाऊक? माइक तसाच सुरू ठेवून तिने मला फोन केला, मी धावत आले.

आता उन्हं कललीत. टकळी तशीच बसलीये, शेवटचं पान बोटाखाली धरून. एकही दिवा विझलेला नाही. खाली गवंडीकाकासुद्धा खोकत नाहीयेत. आणि वर, त्या बंद मजल्यावर, खुर्च्या सरकल्याचा आवाज होतोय... सगळे जवळ येऊन बसतायत.

मावशीचे डोळे मिटलेलेच आहेत. श्वास इतका हळू की छातीवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. मघाशी सिस्टरांनी पांघरूण सारखं करायला पायाकडचं टोक उचललं... आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. झटका आल्यापासून मावशीने जमिनीला पाय लावलेला नाही. पण दोन्ही तळवे चुन्याच्या भुकटीने पांढरे झालेत. बोटांच्या बेचक्यांपर्यंत.

टकळी काचेतून माझ्याकडे बघतेय. मी होकाराची मान डोलावली की ती वाचणार. सांग ना... माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?