राक्षसाच्या आवाजातली खरखर

तो मघापासून हाका मारत होता आणि चिंगी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. शेवटी त्याने काउंटरवर टकटक केलं. ती अशी दचकली की हातातली सोल्डरिंग गन पडता पडता राहिली.

"दार ठोकल्यासारखं काय वाजवताय?"

"मग काय करू? केव्हापासून नुसतं 'अहो, अहो' चाललंय माझं. एवढं 'अहो' तर माझ्या आईनं बाबांनाही आयुष्यात केलं नसेल!"

चिंगीला हसू आलं, पण तिने ते ओठांतच दाबलं.

झालं होतं असं, की चिंगीचा डावा कान लहानपणीच्या एका तापात कायमचा गेला होता. उजवा मात्र भलताच तिखट. शेजारच्या घरातला पंखा कुरकुरायला लागला, तर तो शेजाऱ्यांच्या आधी हिला कळायचा. मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात तिचं स्टूल असं मांडलेलं होतं, की समोरून आलेलं गिऱ्हाईक आपसूक उजवीकडे उभं राहील. हा पठ्ठ्या नेमका बाजूच्या दाराने आला होता.

कानाचं ती कुणाला सांगत नसे. पूर्वी एकाला विश्वासाने सांगितलं होतं. तो त्यानंतर तिच्याशी तोंड मोठं करून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला... आणि मग हळूहळू बोलायचाच थांबला. तेव्हापासून तिने एक सोपं उत्तर शोधून ठेवलं होतं.

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "काय बिघडलंय?"

"हेडफोन. डाव्या बाजूला खरखर येते. कुणीतरी आत बसून कागद चुरगाळतंय असं वाटतं."

तिने हेडफोन दुकानातल्या फोनला जोडला, उलटा करून डोक्यावर चढवला आणि डोळे मिटले.

"उलटा घातलाय तुम्ही," तो म्हणाला.

"माहितेय. आमच्याकडे असंच तपासतात."

डाव्या बाजूचा स्पीकर तपासायचा तर तो उजव्या कानावर घ्यायला नको? पण हे त्याला कशाला सांगा! तिने आवाज खाली आणत आणत जाड सुरापर्यंत नेला, आणि तिथे खर्रर्र झालं. मग तिने कानावरची गादी अलगद सोडवली, भिंग लावून बघितलं आणि चिमट्याने आतून एक लांबलचक केस ओढून काढला.

"हा पडद्याला टेकला होता. जाड आवाज आला की पडदा थरथरतो, मग हा पण थरथरतो." तिने केस उजेडात धरला. "चांगला लांब आहे... कुणाचा?"

"आईचा!" तो इतक्या घाईने ओरडला की दुकानाच्या टोकाला पेपर वाचणाऱ्या मामाने चष्म्यावरून बघितलं. "खरंच, आईचाच. माझा हेडफोन लावून ती दुपारी गाणी ऐकते. दुसरं कुणी... म्हणजे दुसरं कुणीच नाहीये."

"मी विचारलं का?"

"नाही. पण सांगितलेलं बरं."

त्याच्या मागे दार लोटलं गेलं तसा मामा पेपरमागून म्हणाला, "गिऱ्हाईक बोलघेवडं आहे."

"असेना. आपल्याला काय?" चिंगी म्हणाली, आणि दिवसभर एकच गाणं गुणगुणत राहिली.

थोड्याच दिवसांत स्वारी पुन्हा हजर. आता इअरबड बिघडले होते. तिने जाळी बघितली. पांढरी भुकटी भरली होती. मऊ ब्रशने ती झाडता झाडता चिंगीच्या नाकाला छान गुलाबाचा वास आला.

"हे ठेवता तरी कुठे? पावडरच्या डब्यात?"

"छे छे. धूळ असेल. आमच्याकडे फार धूळ."

"गुलाबाच्या वासाची?"

तो कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी तिला कळलं की तो रेडिओवर मुलांना गोष्टी सांगतो. म्हणजे सांगणार आहे. रविवारी सकाळचा कार्यक्रम जवळजवळ मिळाल्यात जमा होता. गोष्टी त्याच्याच. एक अवाढव्य राक्षस असतो, त्याला सारखी थंडी वाजते आणि त्याच्या मापाचा स्वेटर कुणी विणून देत नाही. मग तो गावोगाव लोकर मागत हिंडतो...

"मग? मिळते लोकर?"

"ते ऐकायला रविवारी रेडिओ लावा."

पण तिसऱ्यांदा तो आला तो उतरल्या चेहऱ्यानेच. हेडफोन काउंटरवर ठेवून म्हणाला, "रेडिओवाल्या बाईंनी रेकॉर्डिंग परत पाठवलं. म्हणतात, राक्षस बोलला की खरखर येते, मुलं घाबरायच्या ऐवजी कान झाकतील. सोमवारपर्यंत स्वच्छ रेकॉर्डिंग दिलं नाही तर कार्यक्रम दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत. ऐकतो तेव्हा मलाही खरखर येते. तुम्हीच तर दुरुस्त केला होता ना हा?"

त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. चिंगीने हेडफोन चढवला. आधी उलटा, मग सुलटा. दुकानातलं गाणं लावलं. स्वच्छ. बारीक सुरापासून जाड सुरापर्यंत सगळं लावून बघितलं. स्वच्छ. दुसरा हेडफोन घेऊन त्याच्या फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं, आणि राक्षसाने 'मला थंडी वाजतेय रेऽऽ' म्हटलं मात्र, खर्रर्र!

"हेडफोन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "खरखर रेकॉर्डिंगमध्येच आहे. तुमच्या खोलीत काहीतरी वाजतंय. तुम्ही जाड आवाज काढला की ते थरथरतं."

"काय वाजतंय?"

"ते इथे बसून कसं कळणार? खोली बघावी लागेल."

हे बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाटलं, आपण काय बोललो! मामा पेपर न हलवता म्हणाला, "चिंगी, रेकॉर्डर घेऊन जा. आणि जेवायच्या आत परत ये."

त्याची खोली म्हणजे कापूस भरलेलं खोकं होतं. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीवर दुहेरी चादर, टेबलावर माईक. आई चहा ठेवून गेली, पण जाताना चिंगीच्या लांब बोटांकडे, साध्या वेणीकडे आणि मग मुलाच्या चेहऱ्याकडे बघून गेली.

चिंगीने रेकॉर्डर टेबलावर ठेवून चालू केला. "आता राक्षस व्हा."

"असं... एकदम? तुमच्यासमोर?"

"लाजणारा राक्षस मी पहिल्यांदाच बघतेय."

त्याने छाती भरून घेतली. "मला थंडी वाजतेय रेऽऽ!"

कुठेतरी खरखर झाली. पण कुठे, हे चिंगीला कानाने कधीच कळत नसे. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, त्याची दिशा कळत नाही. म्हणून ती बोटांनी ऐकायची. तिने खिडकीच्या काचेवर तळहात ठेवला.

"पुन्हा."

"मला थंडी वाजतेय रेऽऽ!"

काच गप्प. मग कपाटाचं दार, मग दिव्याची टोपी, मग खुर्चीची पाठ. प्रत्येक वेळी 'पुन्हा' आणि प्रत्येक वेळी राक्षसाला थंडी! बाहेरून आईचा आवाज आला, "अरे, थंडी वाजत असेल तर शाल घे की!" आणि दोघंही असे हसत सुटले की राक्षसाला ठसका लागला.

"थांबा. इथे थरथरतंय..." चिंगी स्टुलावर चढली होती, कपाटाच्या माथ्यावर हात फिरवत होती. "पुन्हा. हळू, पण जाड."

तो अगदी जवळ आला. त्याने खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजत म्हटलं, "मला... थंडी... वाजतेय..."

तिच्या बोटांखाली पत्रा शहारला. कपाटावरच्या जुन्या चादरीमागे एक पत्र्याचा डबा होता. झाकण सैल. आत बटणं.

"आई!" तो ओरडला. "तुझ्या बटणांच्या डब्याने माझा राक्षस मारला असता!"

डबा खोलीबाहेर गेला. राक्षस पुन्हा बोलला. स्वच्छ, खोल, मखमली आवाज. चिंगी टेबलापाशी उभी राहून वायर गुंडाळायला लागली. अंगभर एक गोड थकवा होता, बोटांत अजून ती थरथर होती. आपण एवढं केव्हा हसलो होतो बरं? तिला आठवेना. वायरीची शेवटची गाठ मारून ती म्हणाली, "चला, निघते. मामा वाट बघत असेल."

तिने वळून बघितलं, तर तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता. आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जसा कुणी फुंकर मारून दिवा मालवावा.

"हो," तो म्हणाला. "जपून जा."

जिन्यापर्यंतही आला नाही.

रविवारी सकाळी मामाने दुकानातला रेडिओ लावला. राक्षस गडगडला आणि खरखर नव्हती. मामाने मांडीवर थाप मारली. चिंगीला वाटलं, आज तो नक्की येणार. पेढे नाही तर नाही, निदान बोलघेवडेपणा घेऊन तरी! तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही.

"काम झालं, गिऱ्हाईक गेलं. धंदाच असा आहे," मामा म्हणाला. पण म्हणताना तिच्याकडे बघत नव्हता.

कळलं असेल त्याला कानाचं, चिंगीच्या मनात आलं. आपण त्या दिवशी दिशा शोधत चाचपडत होतो, त्याला कळलंच असेल. तो आणखी एक... जाऊ दे.

पण जाऊ दे म्हटल्याने काही जात नाही. एका रिकाम्या दुपारी तिला त्याचा आवाज ऐकावासा वाटला, फक्त एकदाच, आणि तिने मामाचा रेकॉर्डर काढून हेडफोन लावला. 'मला थंडी वाजतेय रेऽऽ.' आईची शाल. दोघांचं हसणं. डब्याचा शोध. वायरीची खसखस. रेकॉर्डर तेव्हाही चालूच होता तर! आणि त्या खसखशीमागे कुणीतरी पुटपुटत होतं. अस्पष्ट, लांबून. आवाज डाव्या बाजूच्या स्पीकरमध्ये असेल का?

चिंगीने झटकन हेडफोन उलटा केला.

"...तुम्हाला एक सांगायचंय. म्हणजे... तुला. तुला सांगायचंय. त्या इअरबडना काही झालं नव्हतं. आईची पावडर मीच टाकली होती. पुन्हा यायला काहीतरी निमित्त नको का? रोज काहीतरी बिघडावं असं वाटतं मला. मला तू आवडतेस, चिंगी. फार." मग वायरीची खसखस. "काहीच नाही बोलणार?" पुन्हा नुसती खसखस... आणि मग तिचाच तो खुशाल, हसरा आवाज: "चला, निघते. मामा वाट बघत असेल."

"अगं बाई!" चिंगी म्हणाली आणि उभी राहिली. "मामा, दुकान बघ!"

"कुठे चाललीस?"

"माझी चूक झालीये. चूक नाही... काहीच झालं नाही, तेच झालंय!"

"जा, जा," मामा म्हणाला. "मला काही कळलं नाही, पण जा."

ती पळतच सुटली. भाजीवाल्याच्या पाट्या चुकवत, सायकलवाल्याच्या शिव्या खात. दार आईने उघडलं.

"तू ती खरखरवाली ना? बरी आलीस बाई. गेले किती दिवस नुसता तोंड पाडून बसलाय. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणतो. राक्षस ना तो, आणि भूक नाही!"

तो खोलीच्या दारात येऊन उभाच होता. हातात कागद, केस विस्कटलेले.

"काही राहिलं का तुमचं?" त्याने विचारलं, अगदी परक्यासारखं.

"हो. एक प्रश्न राहिला." तिला धाप लागली होती. "माझा डावा कान बंद आहे. लहानपणापासून. त्या बाजूने ढोल वाजवला तरी मला कळत नाही. तू त्या दिवशी डावीकडे उभा होतास."

"डावा..." मग एकदम, "म्हणून तू हेडफोन उलटा..."

"म्हणून."

"म्हणजे तो नकार नव्हता?"

"अरे, प्रश्नच ऐकला नाही, तर नकार कुठला देऊ? आज रेकॉर्डरवर ऐकला सगळा. गुलाबाच्या पावडरसकट."

त्याने कागदात तोंड लपवलं. ती जीव मुठीत धरून बघत होती: आता हा तोंड मोठं करून, सावकाश बोलणार का? बोलला नाही. कागद खाली आला तेव्हा तो हसत होता, नेहमीसारखा, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून. तो चालत आला, तिला वळसा घालून उजवीकडे उभा राहिला आणि इतक्या हळू बोलला की ते फक्त तिलाच ऐकू यावं.

तो काय बोलला ते आपल्यालाही ऐकू आलं नाही. पण चिंगीचे कान लाल झाले. दोन्ही.

"आणि तुझं उत्तर?" त्याने विचारलं.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "आणि यापुढे इअरबडमध्ये पावडर टाकलीस तर याद राख. जाळी साफ करताना डोळे फुटतात माझे."

"अरे, निदान मोठ्याने तरी बोला!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मला तर दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं, तरी अर्धं निसटतंय!"

संध्याकाळी दोघं मिळून दुकानात गेली. मामाने त्याला समोरच्या दाराने येताना बघितलं, पेपरची घडी घातली आणि चष्मा पुसला.

"या. आज काय बिघडलंय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. घसा खाकरला. राक्षसाचा नव्हे, साधाच, जरासा कापरा आवाज निघाला. "आज मी तुमच्या भाचीला मागायला आलोय."

मामाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चिंगीने त्याला कोपर मारलं.

"बघा हं, जावईबापू," मामा म्हणाला, "आमच्या दुकानातून एकदा गेलेली वस्तू बदलून मिळत नाही."

"बदलून नकोच आहे, मामा," तो म्हणाला, आणि चिंगीने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.