कलमापुरता माणूस

शाळेच्या फाटकाने निवृत्ती खंदारेंचा चेहरा तपासला आणि ते उघडलंच नाही. "आपलं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत आहे. कृपया मागे व्हा," असं त्यानं गोड आवाजात, चारचौघांत सांगितलं. तेही हात धरून उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या नातीसमोर! कालपर्यंत 'आबा, आबा' करणाऱ्या आयांनी आपापली पोरं जवळ ओढली.

त्याच दिवसापासून 'तुल्यक' नावाची संगणक प्रणाली लागू झाली होती. राज्यातल्या साऱ्या जुन्या शिक्षा चाळायच्या, प्रत्येक शिक्षेच्या कलमातले शब्द नोंदवहीच्या कायद्याशी ताडून पाहायचे, जुळले की नाव आत. माणसानं नेमकं केलं काय, हे पाहायची तिला बंदी. म्हणे त्यानं भेदभाव होत नाही. वा रे शहाणपण!

आबांनी केलं काय होतं? तीस वर्षांपूर्वी बसस्टँडच्या मुतारीला कुलूप होतं, म्हणून ते भिंतीआड उभे राहिले. पोलिसांनी धरून 'अश्लील कृत्या'चं कलम ठोकलं. लोकअदालतीत बाबू म्हणाला, "कबूल म्हणा आन् घरी जा. कशाला तारखांना खेटे घालता?" त्या दिवशी एकाच छापील मजकुराखाली सदतीस जणांनी सह्या-अंगठे केले. आपल्याकडे हे असंच चालतं. वाचतंय कोण?

"मग त्या जुन्या खटल्याचे कागद उघडा ना!" फाटकावरच्या प्रकारानंतर त्याच दुपारी कोर्टात आबांची वकील रेहाना मुजावर अक्षरशः ओरडली.

"उघडता येत नाहीत," न्यायाधीश साळगावकर म्हणाल्या. "कायदा मला कलम पाहायला सांगतो, घटना नाही. माझे हात बांधलेत."

"लघवीला उभा होतो, बाईसाहेब," शेजारी उभ्या नातीसमोर आबांची मान लाजेनं खाली गेली. "पोरीला आईबाप नाहीत. माझ्याबिगर तिला कोण हाय?"

पण नोंद झालेल्याला लहान मुलासोबत एका घरात राहता येत नव्हतं. तुल्यकानं त्याचीही सोय लावून ठेवली होती. पडद्यावर हुकमाचा मसुदा आला: मुलीला आजच वसतिगृहात दाखल करावे. अधीक्षक उद्धव गरड, नोंदवहीत निरंक.

नाव वाचून रेहानाच्या अंगाची लाहीलाही झाली. "गरड? मॅडम, या नालायकानं शिकवणीतल्या मुलीच्या अंगावर हात टाकला होता. ती मुलगी माझी अशील होती. पुढे तडजोड झाली, कलम बदलून 'साधी दुखापत' झालं आणि हा उजळ माथ्यानं बाहेर पडला. याच कोर्टातून!"

"शिक्षा दुखापतीची आहे," साळगावकर हळू आवाजात म्हणाल्या. "शब्द जुळत नाहीत."

"चुलीत घाला ते शब्द! तुमची मुलगी असती तर पाठवली असती?"

सहीच्या खुणेपाशी गेलेलं साळगावकरांचं बोट तिथंच थबकलं. बेलिफ पुढे आला, तशी पोर आबांना बिलगली. एवढ्या मोठ्या माणसांची ही भांडणं तिला कुठून कळणार? तिनं सरळ न्यायाधीशांकडे पाहिलं.

"मॅडम, तिथले सर चांगले आहेत का?"