दुसऱ्या बरणीतली क्रिल

विद्यानगरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत वेदश्री तीन आठवडे क्रिलची लांबी मोजत होती. अंटार्क्टिकच्या समुद्रातली ही कोळंबीसारखी, करंगळीएवढी जनावरं. समुद्राच्या दोन भागांत पकडलेली, फॉर्मॅलिनच्या दोन बरण्यांत घालून हुबळीला आलेली. त्यालाही सहा वर्षं झाली होती. कुठल्या भागातली क्रिल किती वाढते, किती मरते, हे लांबीवरून काढून तिथे किती मासेमारी करू द्यायची हे ठरणार होतं. शुक्रवारी अहवाल जायचा होता.

पहिली बरणी सुरळीत पार पडली. दुसरीतल्या चाळीस क्रिलची सरासरी लांबी सोमवारी एक्केचाळीस मिलिमीटर भरली. बुधवारी पडताळणीला पुन्हा मोजली, तर त्रेचाळीस.

आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तिने पट्टी बदलली, चष्मा पुसला, पहिल्यापासून मोजलं. त्रेचाळीसच.

विभागप्रमुख प्रभंजन सर वैतागले. मेलेलं जनावर वाढत नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. गुरुवारी दुपारी ते स्वतः मोजायला बसले. विसाव्या क्रिलशी थांबले. चिमटा ठेवून साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले.

"शेहेचाळीस भरतायत," ते म्हणाले. "तू सोमवारचा आकडा लिही."

"आणि आजचा, सर?"

"आज मी काही मोजलं नाही."

ते गेल्यावर वेदश्रीने बरणी खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी काहीतरी साचलं होतं. पातळ, पारदर्शक, मिशांसकट. वाढताना क्रिल कात टाकते, तशा काती. तिने मोजल्या. चाळीस.

प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचसामान धुणाऱ्या भारतीअक्का मागे येऊन उभ्या होत्या.

"बेडव्वा," त्या हळूच म्हणाल्या. "नको. ठेव ती खाली."

वेदश्रीने अहवाल लिहायला घेतला. दुसऱ्या भागाच्या मृत्युदराशी तिचा हात बराच वेळ थांबला. शेवटी सोमवारच्याच आकड्यावरून तिने तो काढला, अहवाल पाठवला आणि संगणक बंद केला.

झाकण लावायला ती बरणीपाशी गेली.

त्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या क्रिल दुधासारख्या पांढऱ्या होत्या.

आता प्रत्येकीचं पोट हिरवं होतं. समुद्रातलं शेवाळ नुकतंच खाल्ल्यावर होतं, तसं.