कोरड्या विहिरीचा आकडा

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो हरेश माझा सख्खा मावसभाऊ, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. आल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं.

भयकथा म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. इथे ती मिळणार नाही.

12 मे 2005. गुरुवार. भर दुपारचे बारा.

किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला हरेशचा पाडा आहे. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात.

हरेश तेव्हा विहिरींचं पाणी मोजणाऱ्या एका ऑफिसात कंत्राटी कामाला होता. विहिरीच्या तळाशी बोटाएवढा सेन्सर सोडलेला असायचा. आपल्यावर किती पाणी आहे ते त्याला कळायचं. कठड्यावरच्या पेटीत तो आकडा दिसायचा, दर तासाला नोंदला जायचा. हरेशने नोंदी ऑफिसात न्यायच्या आणि साहेबांनी त्या बघून टँकर कुठे द्यायचा ते ठरवायचं.

त्याच्याच पाड्याची विहीर मार्चमध्ये आटली. तळाला भेगा पडल्या.

पण पेटीत आकडा होता...

3.40.

तीन मीटर चाळीस सेंटिमीटर पाणी.

त्याने सेन्सर बदलला. आकडा तोच. वायर बदलली, पेटी बदलली. तोच. घरी रिकाम्या बादलीत सेन्सर ठेवला, तर शून्य. विहिरीत सोडला की पुन्हा 3.40.

आणखी एक होतं. रोज पहाटे तो आकडा थोडासा उतरायचा, दुपारपर्यंत परत भरायचा.

कुणीतरी हंडे भरून न्यावेत तसा...

साहेबांपुढे हरेशने हात टेकले. त्यांचं एकच, मशीन पाणी दाखवतंय ना, मग पाणी आहे. टँकर मिळणार नाही. विषय संपला.

इकडे त्याची आई, माझी जनीमावशी, गुडघे गेलेली बाई, रोज दोन खेपा खाली नदीतल्या डबक्यापर्यंत करत होती. पाड्यातल्या बायका हरेशशी बोलेनाशा झाल्या. पोरगा ऑफिसात आणि तोच टँकर अडवतो, असा त्यांचा समज. हरेशच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण ओरडायचं कुणावर? आकड्यावर?

शेवटी साहेब म्हणाले, खाली उतर, सेन्सर हातात धर, आणि साक्षीदारासमोर आकडे लिहून आण.

म्हणून त्या गुरुवारी हरेश उतरला. वर पेटीपाशी वही घेऊन शेजारचा काळूराम. मावशी कठड्याला टेकून.

तळाला धूळ होती. पाऊल टाकलं की उडायची. हरेशने सेन्सर उचलला, शर्टाला पुसला, हातात धरला. कोरडा ठणठणीत.

"काळूदादा, किती?"

"तीन पॉइंट चाळीस."

त्याने सेन्सर छातीशी धरला. काळूराम म्हणाला, दोन पॉइंट वीस. डोक्यावर हात ताणला. एक पॉइंट चाळीस.

खऱ्या पाण्यात असता तर आकडा अस्साच उतरला असता.

तो आतल्या दगडी पायऱ्या चढू लागला, सेन्सर पुढे धरून. काळूराम वरून आता नुसते सेंटिमीटर सांगत होता. नव्वद... साठ... वीस...

वरून सातव्या पायरीला शून्य.

जरा खाली नेला, पाच. वर घेतला, शून्य. पुन्हा खाली, पाच.

त्या कोरड्या हवेत पाण्याची पातळी होती. हरेशचं डोकं तिच्या वर होतं आणि बाकीचा सगळा हरेश तिच्या खाली.

तेवढ्यात कानाशी आवाज आला...

बुड्... बुड्... बुड्...

हंडा बुडवून भरताना येतो तसा. अगदी हाताच्या अंतरावर.

समोर काहीच नव्हतं.

हरेश कसा वर आला ते त्याला आठवत नाही. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. काळूरामने मात्र विचारलं, "खाली नुसतं तोंड का हालवत होतास रे? तुजा आवाजच नाय आला. मी आपला पेटीत दिसंल तो आकडा सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी वही, एकही आकडा न बदलता, साहेबांपुढे गेली. साहेब खूश झाले. उंचीप्रमाणे आकडा बरोबर कमी होतोय, म्हणजे सेन्सर एकदम चोख आहे, असं त्यांचं म्हणणं. जे खोटं ठरवायला हरेश उतरला होता, त्याच्यावर त्याच्याच हाताने शिक्का बसला.

त्याचं डोकं फिरलं. पाड्यावर येऊन त्याने वायर तोडली, पेटी उखडली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटली.

नोकरी गेली. पण आता नोंदच नव्हती, त्यामुळे कुणालातरी येऊन डोळ्यांनी बघावं लागलं. आठवड्यात टँकर मंजूर झाला.

आमच्याकडे टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बायका शेंदून घेतात. त्या दिवशीही तसंच ठरलं. हंड्यांची रांग लागली. ज्या शेजारणीने महिनाभर तोंड फिरवलं होतं, तिनेही हरेशला चहा आणून दिला. ड्रायव्हरने पाइप आत सोडला, कॉक फिरवला.

आणि सगळ्यांनी ऐकलं...

पाणी दगडावर पडत नव्हतं. पाणी पाण्यात पडत होतं. तेही खाली तळाला नाही, सातव्या पायरीपाशी.

टँकर रिकामा झाला. बायका वाकल्या.

तळाला धूळ. कोरडी.

दहा हजार लिटर पाणी डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि ते कुठे गेलं हे सांगायला आता पेटीही नव्हती. हरेशला रडावं की दगड मारावा, कळेना.

मावशी पुढे झाली. दोन्ही हात कठड्यावर टेकून आत वाकली. शेजारणीला विचारावं तसं तिने शांतपणे विचारलं,

"आता तरी पोट भरलं का गो तुजं, बाईजे?"

पाड्यात बाईजा नावाची बाई हरेशने कधी पाहिलेली नाही, ऐकलेलीही नाही. काळूरामनेही नाही.

त्यानंतर टँकर पिंपात घेऊ लागले. हरेश मुरबाडला एका कारखान्यात लागला. मावशी आहे अजून, बोलते, सगळं आठवतं तिला.

बाईजा कोण, हे त्याने तिला बऱ्याचदा विचारलंय. मागच्या महिन्यात मीही विचारलं. मावशी उठली, तांब्याभर पाणी घेतलं आणि दार उघडून बाहेर ठेवून आली.