धडधडीची गोळी

ऐका पोरांनो. ही ऐकीव थाप नव्हे, माझ्या ओळखीच्या सिद्धेश्वरवर गुदरलेली गोष्ट आहे. औशापलीकडे राहतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

यंदाच्या येळवसेची, म्हणजे वेळा अमावास्येची रात्र. दिवसभर शेतात पूजा आणि भज्जी-अंबिलीचं जेवण झालं. शेषेरावमामांना काही येता आलं नव्हतं. हार्ट अटॅकचा इलाज करून ते नुकतेच लातूरहून घरी आले होते. म्हणून सिद्धेश्वर त्यांचा डबा घेऊन मोटरसायकलवर निघाला. खिशात गोळ्यांची पट्टी होती. मामा रात्री छातीत धडधडतं म्हणत होते, आणि सिद्धेश्वरची स्वतःची धडधड याच गोळीनं गेली होती. मग काय, मला गुण आला म्हणजे सगळ्यांना येणार. आपल्याकडे घरोघरी हाच दवाखाना. डोकं कमी, पण माया खरी. सिद्धेश्वरचा थोरला भाऊ चन्नबसप्पा अटॅकमधून उठला, तेव्हाही त्यानं हीच गोळी दिली होती. त्याच रात्री चन्नबसप्पाचं काळीज बिथरलं. दवाखान्यात छातीवर विजेचे शॉकवर शॉक दिले, तरी गेला. सिद्धेश्वर नशिबाला बोल लावून रडला. गोळीचा संशय त्याच्या मनाला शिवलाही नाही.

लिंगायतांच्या रुद्रभूमीजवळ गाडी बंद पडली. जिथं भावाला माती दिली, तिथंच. त्यानं किक मारली. पुन्हा मारली...

मागून कुणीतरी मानगूट धरली.

तो तोंडावर आपटला. दात तुटला. कुणीतरी उलथा केला, छातीवर गुडघा रोवला. वर वाकलेल्या त्या कपाळाला विभूती. ओठांत माती...

"आण्णा..."

"आता ती गोळी कुणाला द्यायलास?"

दोन थंड तळवे छातीवर पडले. अंग जमिनीवरून उसळलं. आपटलं. पुन्हा तळवे. पुन्हा उसळलं. बरगडी मोडली. तो आवाज त्याचा त्यानंच ऐकला.

"आण्णा, न्हाई देत... न्हाई..."

पुन्हा तळवे...

पहाटे दूधवाल्याला तो रस्त्यात सापडला. लातूरच्या डॉक्टरांनी खिशातली पट्टी पाहिली आणि कुणासाठी नेत होतास म्हणून विचारलं. त्यानं मामांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "चांगल्या काळजाची धडधड ही गोळी आवरते. अटॅक येऊन गेलेल्याला दिली, तर काळजातली वीजच भरकटू शकते. माणूस मरतो."

मामा वाचले. पण भाऊ आपल्या हातानं गेला, हे सिद्धेश्वरला तेव्हा कळलं. भिंतीकडे तोंड करून तो ढसाढसा रडला.

तपासायला डॉक्टरांनी त्याचा सदरा उघडला आणि हात मागे घेतला. उजव्या खांद्याखाली एक, डाव्या बरगडीवर एक, भाजल्याचे तळहाताएवढे चट्टे. मग नर्सला हळूच विचारलं, "इथं आणण्याआधी याला शॉक कुणी दिला?"