सेवकभाऊंचे पाय

विषय : प्रार्थनामंडळीचे सेवकभाऊ यांना पाय धुण्याच्या सेवेतून मुक्त करण्याबाबत.
अर्जदार : मंडळीचे बाक दुरुस्त करणारा सुतार.

सेवकभाऊ प्रथम आले तेव्हा मागच्या बाकावरही बसले नाहीत. दाराशी जमिनीवर टेकले. घोळदार लांब झगा, खाली घातलेली मान. मी तुमच्या पायांची धूळ, असं इतक्यांदा म्हणत की ती धूळ डोळ्यांत जावी. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून ही ख्रिस्ती मंडळी वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुवायची. सेवकभाऊ दर प्रार्थनेनंतर सगळ्यांचे धुऊ लागले. स्वतःचे मात्र कुणाला धुऊ देत नसत. सुतार कामाच्या सबबीवर प्रार्थना चुकवायचा, म्हणून त्याचे तेवढे राहिले.

पुढे त्याचा धंदा बरा चालला. मंडळीतल्यांनी आधी काठ्या करून घेतल्या, मग कुबड्या. मग आईच्या मागे ज्या ताईने त्याला वाढवलं, तिनेच अंथरूण धरलं. पाय आहेत, पण आपले वाटत नाहीत, म्हणाली. देह हलका होतोय, देवदूत जवळ येताहेत, असं सेवकभाऊंनी सांगितल्यामुळे ती खूश होती.

सुतार मंडळीच्या पाळकांकडे गेला. सैतान लीन होऊनही येतो, हे जुन्या ख्रिस्ती गुरूंचं बजावणं पाळकच घसा कोरडा करून सांगत. या वेळी म्हणाले, "एवढा नम्र माणूस... तुला मत्सर तर वाटत नाही ना?" खुर्चीतून उठले मात्र नाहीत.

संध्याकाळी प्रार्थनामंदिर रिकामं झालं. ओल्या दगडाचा वास सुटला होता. दिव्याखाली सेवकभाऊ एकटेच बसले होते. सुताराने त्यांच्यापुढे गुडघे टेकले, परात ओढली.

"आज तुमचे, भाऊ."

"नको, दादा... मी लायक नाही."

"मीही नाही."

त्याने झग्याखाली हात घातला. पाय लागले... कोमट, बारीक, बाईमाणसाचे. डावी करंगळी वाकडी. लहानपणी दारात चेमटून ताईची झाली होती, तश्शी.

वरून अगदी मऊ आवाज आला, "ताईंनी स्वखुशीने दिले... तुमचेही थकले असतील."

सुतार धावत घरी आला. ताई शांत झोपली होती. तिचं पांघरूण उचलायचा धीर त्याला आजवर झालेला नाही.

अर्ज रीतसर दिलेला आहे. उभं राहवलं की चौकशी करू, असा पाळकांचा निरोप आहे. दरम्यान, रोज संध्याकाळी सुताराच्या दाराबाहेर कोमट पाण्याची परात असते, आणि तिथवर आलेली ओली पावलं. डावी करंगळी वाकडी.

अर्ज प्रलंबित आहे.