दारात ओतायचं पाणी

बसा. लाईट गेलीय, कंदिलावरच भागवा. मी शिकलेला न्हाई, जसं घडलं तसं सांगतो.

लेक शरणप्पा हितं चाकूरात मास्तर हाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्राच्या अंगाचं, घाटातलं जंगल बघायचं त्याच्या डोक्यात आलं. बारमाही ओलं, भर दुपारी अंधार. सून दीपाली मोबाईलवर फोटो दाखवायली. झाडाला शेवाळ, शेवाळावर अळंबीच्या लिबलिबीत छत्र्या, खाली काळा चिखल.

"ह्याला पैशे देऊन जायचं? गटार तर आपल्या गल्लीत फुकट हाय," मी म्हणलो.

पण माझी बायको नीलम्मा मोबाईल सोडंना. "मी जाणार. जन्मभर रानातल्या भेगाच बघितल्या की ओ. मेल्यावर ह्याच कोरड्यात पुरणार हाव मला, जित्तेपणी एकदा तरी भिजू द्या."

शेवटी जायचं ठरलं. तिथं खोल्या देणाऱ्या माणसानं ट्रॅव्हल्सच्या गाडीत एक बाटली धाडली. तिथल्या झऱ्याचं पाणी. फोनवर त्यानं दीपालीला बजावलं, निघायच्या आधी हे तुमच्या दारात ओता, आमच्याकडची रीत हाय. पण कुणी पिऊ नका.

आता आमच्या लातूर जिल्ह्यातल्या माणसाला पाणी ओतून द्या म्हणायचं! रेल्वेनं पाणी आलतं त्या साली नीलम्मानं तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जाऊ दिलं न्हाई.

"मातीत ओतू व्हय? पाप लागंल," म्हणून तिनं सगळी बाटली तांब्यात रिकामी केली.

मी एक घोट घेतला. बुळबुळीत, कुजक्या पाल्याचं. लगेच थुंकलो. तिनं मात्र तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. "गोड हाय की ओ."

दुसऱ्या दिवशी घरात वास सुटला. उंदीर मेला म्हणून मी पेटी ओढली, पोती हलवली. काहीच न्हाई. वास नीलम्माच्या लुगड्याला होता. बाहेर ऊन असं, की चादर दोरीवर टाकली की कडक. हिचं लुगडं दिसभर ठिबकायलं.

मग टोपलीतल्या कडक भाकरीला हिरवी लव आली. आमची कडक भाकरी कैक दिवस टिकती, तुम्हाला ठाव हाय. मी ती फेकायला उचलली, तर हिनं हातातून ओढून घेतली, आधी ती लव चाटली, आन मग भाकरी खाल्ली.

एका दुपारी तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात काळं, फुगलेलं काहीतरी दिसलं. जळू! चाकूरात, मे महिन्यात! मी मीठ आणायला उठलो.

"असू द्या की... रगत प्यायलीय बिचारी," म्हणत तिनं त्या घाणीच्या पाठीवरून बोट फिरवलं, तान्ह्या लेकराच्या फिरवावं तसं.

शरणप्पानं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणला, उन्हाचा तरास हाय, सलाईन लावू. सुई टोचली तिथनं रक्त आलंच न्हाई. गढूळ पाणी आलं, त्यात पाल्याचा बारका तुकडा. डॉक्टरनं तो कापसानं टिपला आणि आमच्याकडं बघायचंच टाळलं.

घरी आल्यावर मी दीपालीच्या हातातून फोन घेतला आणि त्या खोल्यावाल्याला लावला.

"आमचं येणं रद्द करा. माझी बायको आजारी हाय."

"पाणी दारात ओतलंत ना?"

"प्याली ती."

तिकडून पावसाचा आवाज यायलेला.

"सगळं?"

"सगळं."

"मग काका... आता तिला यायची गरज नाही." फोन बंद झाला. परत लावला, उचललाच न्हाई.

नीलम्माला मी सांगितलं, जायचं रद्द. वाटलं, रडंल, शिव्या देईल. ती हसली. दातावर हिरवं चढलेलं. "बरं," म्हणली आणि भाकरी घेऊन परसात उन्हात जाऊन बसली.

माझा जीवच राहिना. माझी बायको मला परत पायजे होती, बाकी जंगलाला आग लागू दे. पंचा घेऊन मागं बसलो, पाठ पुसायलो. पुसावी तितकी ओली. कातडी बोटाखाली भिजल्या भाकरीसारखी दबायली. तरी हात काढला न्हाई. आतून काहीतरी ऐकू येत होतं. मी पाठीला कान लावला.

आत पाऊस पडत होता. पाल्यावर पडतो तसा, दाट. बेडकं. आणि लई लांबून...

"आवो... कुठं हाव? वाट सापडंना मला..."

माझ्या नीलम्माचा आवाज. मान पुढं काढून बघितलं, तर समोर बसलेली ती तोंड मिटून भाकरी चावायली.

"हितं हाय मी! नीलम्मा, हितं!" मी पाठीला तोंड लावून वरडलो.

आतला पाऊस गप झाला. पाय वाजले चिखलात, चपक्... चपक्... माझ्याकडं यायली होती ती.

तेवढ्यात आतनंच, आणखी खोलातून, कुणीतरी म्हणलं, "तिकडं नको... हिकडं ये की, हिकडं..."

आवाज माझा होता.

आणि चिखलातले पाय तिकडं वळले.